अंगुरी आत आहे

आमच्या अनसिंगात कोणी एसटीची वाट पाहतं, कोणी सोयाबीनच्या भावाची, कोणी पोरीच्या स्थळाची. कैलासचंद भांडेवाले लिनक्सची वाट पाहतात. हे मी थट्टेनं सांगत नाही. म्हणजे थोडं थट्टेनंच सांगते. बाजारातल्या त्यांच्या स्टीलच्या दुकानात, परातींच्या चळतीमागे, एक जुनं कॅलेंडर उलटं करून टांगलेलं आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं तारखा लिहिलेल्या: कच्ची आवृत्ती अमुक दिवशी, तिच्यातल्या चुका काढणं अमुक दिवसापर्यंत, पक्की आवृत्ती एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी. त्या गुरुवारभोवती कुंकवाची दोन बोटं. माणसाचं वय अडुसष्ट.

लिनक्स म्हणजे काय हे मलाही त्यांनीच सांगितलं. संगणक सुरू झाला की समोर ज्या खिडक्या, बटणं, फायली दिसतात, ते सगळं चालवणारी एक मूळ व्यवस्था असते. बहुतेकांकडे ती विकतची असते. लिनक्स फुकट असतं. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून ते लिहितात, दुरुस्त करतात, आपापल्या भाषेत आणतात. त्याच्याही जाती पुष्कळ. कैलासभाऊंनी धरलेल्या जातीचं नाव परदेशी आहे, ते त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ते नुसतं ‘आपलं लिनक्स’ म्हणतात. दर दोन वर्षांनी त्याची नवी पक्की आवृत्ती येते आणि तेवढ्यासाठी हा माणूस सहा महिने आधीपासून संगणकांची डागडुजी काढतो. काउंटरवरच्या संगणकाची मेमरी वाढवायची, स्वतःच्या संगणकाची जुनी डिस्क काढून नवी वेगवान बसवायची, अकोल्याहून कोणता भाग येईल आणि नागपूरहून कोणता, याच्या याद्या करायच्या. गिऱ्हाईक कुकर मागतं आणि हे त्याला पेनड्राइव्ह दाखवतात.

मी धम्मदीपा. बसस्टँडच्या मागे माझी टायपिंगची शाळा आहे. सव्वीस वर्षं या गावाच्या बोटांना वळण लावते आहे आणि पट्टी अजून हातातून सुटलेली नाही. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं, असलं काही माझ्यासमोर कोणी काढलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझीच पंचाईत होणार आहे.

कैलासभाऊंच्या पत्नी अंगुरीभाभी चोपन्नाव्या वर्षी माझ्याकडे मराठी टायपिंग शिकायला आल्या. भांड्यांवर नाव घालायचं यंत्र दुकानात त्यांच्या हाती होतं. लग्नाची भांडी घेतली की लोक चिठोऱ्यावर नाव लिहून देतात आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुराडा असतो. भाभी ते सुधारल्याशिवाय सुई टेकवायच्या नाहीत. “भांडं तीन पिढ्या वापरते लोक. मी चूक कोरली तं तीन पिढ्या मले शिव्या देतीन,” म्हणायच्या. टायपिंगमध्ये त्यांचा वेग जेमतेम, पण चूक एक नाही. अशी शिष्या मला दुसरी मिळाली नाही, आणि हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

शिकून झाल्यावर नवराबायकोनं नवाच उद्योग काढला. दुपारी जेवणं झाली, बाजार पेंगायला लागला, की दोघं दुकानामागच्या खोलीत बसत. कैलासभाऊ लिनक्समधलं एकेक इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगत, भाभी त्याला मराठी शब्द शोधत, आणि ते इंटरनेटवरून अनुवादकांच्या गटाकडे जाई. त्या लिनक्समध्ये बटणांवर, सूचनांवर जी मराठी दिसते, तिच्यातली काहीशे वाक्यं या परातींच्या आडोशाला लिहिलेली आहेत. त्यावरून त्यांची भांडणं होत. संगणक थांबवण्याच्या बटणावर गटानं ‘बंद करा’ लिहिलं, तेव्हा भाभी मला मध्यस्थीला बोलवायला शाळेत आल्या होत्या.

“बंद करा? चालत्या दुकानात बंद म्हणते का कोणी? दुकान आमी वाढवतो. बांगडी फुटली तं वाढली म्हणतो. मंग याच्यावर कायले ‘बंद करा’ लिवता?”

त्यांचं खरं होतं. आमच्याकडे कुलूप लावताना कोणताही दुकानदार ‘दुकान वाढवलं’ असंच म्हणतो. गटाला काही ते पटलं नाही. मग भाभींनी निदान आपल्या स्वतःच्या संगणकावर ते शब्द बदलून घेतले. थांबवण्याच्या बटणावर ‘वाढवा’. काम करत असलेल्या माणसाच्या नावाखाली ‘आत आहे’. आणि आपलं काम संपवून संगणकातून निघायचं जे बटण असतं, त्याला गटानं ‘बाहेर पडा’ म्हटलं होतं, ते तर त्यांना हाकलून दिल्यासारखं वाटायचं. तिथं त्यांनी लिहिलं: ‘येते’.

घरातून निघताना आपण ‘येते’ म्हणतो आणि मागचा ‘ये’ म्हणतो, हे काही मी सांगायला नको. पण भाभींच्या घरात याचं जितकं कडक होतं तितकं मी कुठं पाहिलं नाही. मुलगा नमन लहान असताना एकदा ‘शाळेत जातो’ म्हणून गेला, तर त्याला वेशीवरून परत आणलं, बसवलं, पाणी पाजलं, आणि ‘येतो’ म्हणायला लावून पुन्हा सोडलं. ‘जाते’ हा शब्द त्या उंबऱ्यावर कोणी उच्चारत नसे. ज्याला परत यायचं नाही त्याचा तो शब्द.

भाभींची आणखी एक सवय. संगणकावरून उठल्या, अगदी पाणी प्यायला उठल्या, तरी पडद्याला कुलूप. म्हणजे आतलं काम तसंच उघडं राहतं, पण कुलपाचा शब्द टाकल्याशिवाय कोणाला दिसत नाही. तो शब्द काय ठेवला म्हणून मी एकदा विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसल्या. “असा ठेवला का ह्यायच्या तोंडून जन्मात निघनार नाई.”

भाऊही हसले होते. एखादा अवघड इंग्रजी शब्द असेल, असं आम्ही धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, नवी आवृत्ती यायला महिना असताना, एका दुपारी तीन वाजता भाभी कामावरून उठल्या आणि छातीवर हात ठेवून दारात आल्या. गाडी काढली. वाशीम ओलांडून अकोल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. एकसष्ट वय. त्या दारात काय झालं ते कैलासभाऊंनी मला तेव्हा सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

महिनाभरानं त्यांनी भाभींचा संगणक वाढवायला बटण दाबलं, तेव्हा पडद्यावर सूचना आली: ‘अंगुरी आत आहे. लिहिलेलं जतन केलेलं नाही. तरी वाढवायचं?’ त्यांनी ‘नको’ दाबलं. आणि तिथून पुढे दोन वर्षं तो संगणक त्यांनी वाढवला नाही.

त्याचं कारण साधं आणि भयंकर आहे. जतन केलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, ते कुठं जात नाही. जतन न केलेलं फक्त मेमरीत असतं. क्षणभर वीज गेली की ते नव्हतंच असं होतं. त्या संगणकात फक्त भाभींचं एकटीचं खातं, त्यामुळे दुसऱ्या वाटेनं आत शिरायची सोय नाही. कुलपाचा शब्द ठाऊक नाही. म्हणजे भाभींनी शेवटचं जे काही लिहिलं ते त्या डब्यात होतं, आणि डबा चालू असेपर्यंतच होतं. भाऊंनी त्याला इन्व्हर्टर जोडला, इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडली. गावात वीज गेली की सगळा बाजार काळा पडायचा आणि परातींच्या चळतीमागे तेवढा एक हिरवा दिवा जळत राहायचा. दुकानातल्या प्रत्येक भांड्यात तो दिसायचा.

शब्द तर त्यांनी किती टाकून पाहिले! चोवीस तीर्थंकरांची नावं, नमनचं, मुलगी चंदनाचं, माहेरच्या गावाचं, लग्नाची तारीख. मराठीत, इंग्रजीत. मीही बसले. काही उपयोग झाला नाही. नमन पुण्याहून फोनवर म्हणायचा, “पप्पा, कायले जिवाले लावून घेता? मम्मीची काहीतरी यादी असन. वाढवून टाका.” भाऊ फोन ठेवून द्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी ते शाळेत आले आणि वर्ग सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तिथं कोनीतरी लिवते.”

मी त्यांच्याबरोबर गेले. शब्द टाकायच्या चौकटीत चार टिंबं होती. कुलपाचा शब्द लिहिताना अक्षरं दिसत नाहीत. एक कळ दाबली की एक टिंब, एवढंच दिसतं. म्हणजे चार कळा दाबल्या गेल्या होत्या. खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली जानव्यासारखी भाऊंच्या गळ्यात असायची.

“पाल चालली असन,” मी म्हटलं.

“रोज चारच पावलं चालते का पाल?”

रोज नव्हे, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा, दुपारी तीनच्या सुमारास. मी आधी कळफलक उपडा करून झाडला. मग माझ्या शाळेतला नवाकोरा कळफलक आणून जोडला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी चार टिंबं. कळफलकाची वायरच काढून टाकली, आठ दिवस चौकट रिकामी राहिली. मी विजयी मुद्रेनं वायर परत जोडली आणि त्याच दुपारी, मी बाहेरच्या स्टुलावर बसून चहा पीत असताना, पुन्हा चार. मी कप तसाच खाली ठेवला. मी रागावले, भीती वाटली की मला राग येतो.

दर वेळी आम्ही ती टिंबं पुसायचो. भाऊ एकेक करून पुसायचे, उंबऱ्यावरची रांगोळी पुसायला लावल्यासारखा चेहरा करून. मग पडद्यावर पुन्हा तेवढंच उरायचं: अंगुरी, आणि त्याखाली, आत आहे.

दुकानात झाडलोट करणारी भुरीबाई तांड्यावरून येते. तिला मी विचारलं, तुला त्या खोलीत भीती नाही वाटत? ती म्हणाली, “भेव कायचं? मी भाभीले म्हंते पाय वर घ्या, अन् झाडू मारते.” बोलली अगदी सहज. नंतर पाहिलं तर खरंच ती रिकाम्या खुर्चीसमोर थांबायची, क्षणभर वाट पाहायची, आणि मग खुर्चीखालून झाडू फिरवायची.

फेब्रुवारीत त्या डब्याचा पंखा कुरकुरायला लागला. मार्चमध्ये घरघर पार काउंटरपर्यंत ऐकू यायला लागली. “भाऊ, आत जातं फिरून राह्यलं का?” भुरीबाईनं विचारलं, तर भाऊंच्या हातातली परात खाली पडली. दळायच्या जात्यात दचकण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हा समजलं नाही. पंखा बदलायचा तर डबा थांबवावा लागणार. न बदलावा तर एप्रिलच्या उन्हात तो आपण होऊन थांबणार. भाऊंनी नव्या आवृत्तीसाठी दोन संगणकांच्या याद्या पूर्ण केल्या होत्या. तिसऱ्या पानावर वर ‘अंगुरीचा डबा’ लिहिलं होतं आणि खाली काही नव्हतं.

त्या गुरुवारी त्यांचा फोन आला. “नवी आवृत्ती आली मॅडम. उतरवून घेतली. तुमी या.”

मी गेले तेव्हा अडीच वाजले होते. ऊन असं की बाजारात कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. काउंटरवरच्या संगणकात नवी आवृत्ती बसवून झाली होती, निळसर, देखणी. दुसऱ्या संगणकातही झाली होती. पेनड्राइव्ह भाऊंच्या मुठीत होता आणि मागच्या खोलीतून घरघर चालली होती, मधेच थांबायची, मधेच पुन्हा सुरू व्हायची.

“तिनं शब्द घेतला होता माह्याकडून,” ते म्हणाले. “नवी आवृत्ती आली का पहिले माह्या डब्यात टाकजा, म्हणे. मागच्या बारीले मी नाई टाकली. आता पंखा दोन दिस काढत नाई. आपोआप मरन तं मले नाई पाह्यवनार. मीच वाढवतो. तुमी फक्त बाजूले उभ्या राहा.”

“भाऊ, एकदा शेवटचं शब्द टाकून पाहू.”

“कोनता टाकता? राह्यला का कोनता?”

“चार कळांचा टाकू. टिंबं चारच येतात नं दर वेळेस.”

हे मी बोलले आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. पण टायपिंगची बाई शेवटी कळाच मोजणार. मी उभ्या उभ्या चार कळांचे शब्द सांगायला लागले. ‘येते’ चार कळांचा आहे: य, मात्रा, त, मात्रा. भाऊ म्हणाले, तो तर पहिल्याच आठवड्यात टाकून पाहिला होता. आणि मग ते खाली बसले, परातींना टेकून, आणि दोन वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“त्या दिवशी गाडी दारात आली. मी तिले धरून उंबऱ्यापर्यंत आनलं. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, ‘जाते’. मले राग आला मॅडम. म्या म्हटलं, काय बोलतं, येते म्हन. तिनं मान हालवली. दम लागला होता, तरी परत म्हने, ‘जाते... जाते...’ अन् हात असा आत करून राह्यली होती, या खोलीकडं. घराले हात जोडून राह्यली असन, समजलो मी. म्या ‘ये’ नाई म्हटलं. तिनं येते म्हटलंच नाई तं मी ये कसं म्हनू? रागातच गाडीत बसवली. मंग ती बोललीच नाई.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “जिनं जन्मभर कोनाले तो शब्द बोलू नाई देला, ती मले तो बोलून गेली. काहून? काय चुकलं होतं माह्यं?”

मला भाभींचं पदराआडचं हसणं आठवलं. उन्हाळ्याच्या दुपारी, शर्ट भिजून गेलेल्या माणसासमोर, मला थंडी वाजत होती. ‘असा ठेवला का ह्यायच्या तोंडून जन्मात निघनार नाई.’

“भाऊ,” मी म्हटलं, “ज. काना. त. मात्रा.”

त्यांनी बोटांवर कळा मोजल्या.

“भाभी निरोप नव्हत्या घेत. त्या कुलपाचा शब्द सांगत होत्या. हात खोलीकडे होता नं? लिहिलेलं जतन करा, म्हणत होत्या.”

या घरात कोणी उच्चारणार नाही, लिहिणार नाही, मनातसुद्धा आणणार नाही असा एकच शब्द, म्हणून त्यांनी तो कुलपाला ठेवला होता. आणि म्हणूनच दोन वर्षांत शेकडो शब्द टाकताना तेवढा एक आम्हाला सुचला नाही. मलाही नाही. मी तर कशालाच न मानणारी, पण घरातून निघताना ‘जाते’ मीसुद्धा कधी म्हणत नाही.

भाऊ उठून आत गेले. मी मागून. संगणकाचा पडदा सुरू केला. चौकट रिकामी होती. नाव, आणि त्याखाली, आत आहे. घड्याळात तीनला पाच कमी. ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्ची भाभींची. बाजूला उभे राहून त्यांनी कळफलकाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“तुमी टाका मॅडम.”

“नाही. तुमच्या घरचा शब्द आहे.”

त्यांनी ज दाबला. टिंब. काना. टिंब. बराच वेळ गेला. त दाबला. तीन टिंबं झाली आणि त्यांचं बोट कळेच्या वर थांबलं. “नाई होत माह्यानं,” ते म्हणाले, “मी तिले जा कसं म्हनू?” आणि त्यांनी दोन्ही हात उचलून छातीशी धरले.

चौथं टिंब आलं.

मी पाहिलं. भाऊंचे हात छातीशी होते, माझे पदरात होते. कळफलकावर पाल नव्हती, झुरळ नव्हतं, काही नव्हतं. खुर्ची टेबलाला जरा जास्त लागून होती, एवढंच, आणि ती आधीपासून तशी असेल. पंख्याची घरघर थांबली होती. मी सव्वीस वर्षं पोरांना सांगते की कळ दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. अजूनही तेच सांगते. पण सांगताना आता मी त्यांच्या डोळ्यांत पाहत नाही.

दर वेळी आम्ही जी चार टिंबं पुसत होतो, ती बरोबर होती. फक्त शेवटची एंटर कळ दाबायची राहत होती. भाऊंनी ती दाबली.

पडदा उघडला. दोन वर्षांपूर्वीची दुपार समोर आली: कोपऱ्यात मार्चची तारीख लिहिलेली एक फाइल, अनुवादाचा एक अर्धा तक्ता, आणि मधोमध उघडं पान. त्यावर थोडंसंच लिहिलेलं होतं. नमनचं खरं निघालं, यादीच होती. वर शीर्षक: ‘नवी आवृत्ती आली की’. ह्यांच्या डब्याची मेमरी आधी वाढवणे, माझी मागून. माझ्या डब्याचा पंखा आवाज करतो, बदलणे. काउंटरच्या डब्यात अक्षर मोठं करून देणे, ह्यांना चष्म्यातूनही दिसत नाही, सांगत नाहीत. आणि शेवटची ओळ, एकही चूक नसलेली: ‘कुलपाचा शब्द ह्यांना सांगून ठेवणे. रागावतील.’

भाऊंनी ती ओळ वाचली, मग मोठ्यानं वाचली, आणि ‘रागावतील’ला त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते खुर्चीच्या पाठीवर वाकून रडले. मी बाहेर जायला हवं होतं, गेले नाही. मलाही रडू येत होतं.

त्यांनी यादी जतन केली. पेनड्राइव्हवर घेतली, स्वतःच्या संगणकावर घेतली, मला म्हणाले तुमीबी घ्या, म्हणून मीही घेतली. पंखा पुन्हा घरघरला आणि डब्यातून तापलेल्या धातूचा वास यायला लागला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली बटणं उघडली. तिथं ते बटण होतं, भाभींनी स्वतः बदलून घेतलेलं.

येते.

भाऊंनी त्यावर बोट आणलं. या खेपेला थांबलं नाही. दाबलं. यादी मिटली, तक्ता मिटला, आणि फक्त नाव उरलं: अंगुरी. त्याखाली दोन वर्षं जे दोन शब्द होते, ते नव्हते. ‘वाढवा’ दाबायच्या आधीच डब्याचा पंखा शेवटचा एक फेरा मारून थांबला आणि दुकानातल्या सगळ्या परातींमधला हिरवा दिवा एकदम गेला.

इतकी शांतता त्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती. भाऊ खुर्चीकडे पाहत नव्हते. ते उंबऱ्याकडे पाहत होते, अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उन्हाकडे, जसं निघालेल्या माणसाकडे आपण वळणापर्यंत पाहतो तसं.

“ये,” ते म्हणाले.